सहा दिव्यांचा डबा

मित्रांनो, तंत्रशाळेच्या कपाटात, अगदी खालच्या खणात, चामडी पट्टा लावलेला एक काळा पत्र्याचा डबा दिसतो ना, तो मी. वजन म्हणाल तर वरवंट्याहून थोडं कमी. आज तुमच्या मनगटावर केवढीशी यंत्रं असतात! माझ्या काळी अंगावर बाळगायचं यंत्र म्हणजे मीच. कमरेला बांधलं की माणूस एका बाजूला कलायचा.

मला एका मुलीने तिच्या बाबांसाठी घडवलं. ती याच शाळेत शिकवायची. बाबा छापखान्यातले जुने जुळारी. शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचे आणि पान उभं करायचं, यातच त्यांची चाळीस वर्षं गेली. निवृत्त झाले, पाठोपाठ पत्नी गेली आणि हळूहळू त्यांना विसर पडू लागला. शेगडीवर दूध ठेवून ते फिरायला जायचे. गोळी घेतली की नाही, यावर स्वतःशीच वाद घालायचे.

त्यातच शाळा दूरच्या शहरात हलली आणि मुलीलाही जावं लागलं. "बाबा, तुम्ही माझ्याबरोबर चला," ती म्हणाली.

"मी इथंच बरा आहे. तिथं मला भाजीवालासुद्धा ओळखणार नाही," बाबा म्हणाले.

मग तीन रविवार ती जेवणाच्या टेबलावर सोल्डरची तार घेऊन बसली. तिने माझ्यात सहा दिवे बसवले, सहा बटणं बसवली. प्रत्येक दिव्यामागे दोन छोटी सर्किटं एकमेकांना धरून उभी होती. एकाने 'हो' म्हटलं की दुसऱ्याने 'नाही' म्हणायचं आणि पुढचं बटण दाबेपर्यंत शब्द बदलायचा नाही. एवढीच माझी स्मरणशक्ती. रोज पहाटे माझे सगळे दिवे आपोआप लागत. सकाळची गोळी, दुपारची गोळी, जेवण, नळ बंद, शेगडी बंद, दाराला कडी. काम झालं की बटण दाबायचं, दिवा विझायचा. शेगडीचा दिवा लागलेला असताना कुणी दाराचं बटण दाबलं तर मी भोंगा वाजवायचो.

कमरेकडे खाली बघून वाचता यावं म्हणून तिने माझ्यावरची अक्षरं उलटी चिकटवली होती. बाबा खळखळून हसले. "अगं, खिळ्यांवरची उलटी अक्षरं वाचण्यात जन्म गेला माझा! कशीही लावली असतीस तरी चाललं असतं."

पहिल्याच आठवड्यात मी नाव काढलं. बाबा बाहेर निघाले, त्यांनी दाराचं बटण दाबलं आणि मी असा काही ओरडलो की खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई शिवण टाकून जिन्यात आली. आत शेगडीवर पातेलं कोरडं पडून लाल व्हायला आलं होतं. "काका, लेकीनं पहारेकरीच बांधलाय की कमरेला!" ती म्हणाली. त्या दिवशी बाबांनी मला मऊ फडक्याने पुसलं.

रोज संध्याकाळी पाच वाजता मुलीचा फोन यायचा. सुरुवातीला ती खूप बोलायची. काय खाल्लं, गुडघा कसा आहे, खिडकीतल्या कुंडीला फूल आलं का. मग शेवटी माझी चौकशी. पुढे तिचे वर्ग वाढले. फोनवर मागून विद्यार्थ्यांचा गलका ऐकू यायचा. हळूहळू माझी चौकशी आधी होऊ लागली, आणि मग तेवढीच राहिली.

"बाबा, दिवे?"

"विझलेत सगळे."

"छान! उद्या करते हं."

तिने फोन ठेवल्यावरही बाबा रिसीव्हर बराच वेळ कानाला लावून बसायचे. मला तो त्यांच्या छातीतून येणाऱ्या श्वासासारखाच जवळून कळायचा, त्या बसण्यातला एकटेपणा. पण माझ्यात सहाच दिवे होते. त्यासाठी सातवा नव्हता.

एखादा दिवा लागलेला राहिला की मुलीचा आवाज उतरायचा. "असं कसं विसरलात, बाबा?" ती रागावायची नाही, पण थकलेली वाटायची. बाबांनी यावर एक उपाय काढला. सकाळी उठल्याउठल्या ते एका दमात सहाही बटणं दाबून मोकळे व्हायचे. टक, टक, टक. मी विझायचो. मला कसं कळणार, की गोळी पोटात गेली नाही, डबीतच आहे? बटण दाबलं गेलं, एवढंच मला कळायचं.

अशा बारा दिवसांनंतर, दुपार कलताना, बाबांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी घेरी आली आणि ते माझ्यावरच कोसळले. माझा पत्रा चेपला. त्यांना उठता येईना. मी ओरडायला हवं होतं. पण शेगडीचा दिवा विझलेला, दाराचाही विझलेला. माझ्या हिशेबी घरात सगळं आलबेल होतं.

पाच वाजले. फोन वाजला. बाबांनी सरपटत जाऊन वायर ओढली, तसा फोन स्टुलावरून धाडकन खाली आला.

"बाबा, दिवे?"

त्यांची जीभ जड झाली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "विझलेत... सगळे. ऐक ना, बाळ..."

"छान! वर्ग खोळंबलाय, उद्या करते हं."

रिसीव्हरमधून नुसता टूं आवाज येत राहिला. इतकी वर्षं झाली, पण तेवढी एकटी घटका मी दुसरी पाहिलेली नाही.

फोन पडल्याचा आवाज शिंपीणबाईने ऐकला होता. ती गळ्यात मापाची फीत तशीच ठेवून वर आली. "काका? अहो काका!" तिने दार ढकललं. दाराला कडी नव्हती. माझा दिवा सांगत होता की आहे. माझं म्हणणं खरं असतं, तर तिला आत येता आलं नसतं आणि बाबा त्या दिवशी वाचले नसते.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. बाबा दवाखान्यात शुद्धीवर होते. तिने आधी घरी मला उघडलं, मीटर लावला, एकेक जोड तपासला. मग गोळ्यांच्या डबीत पाहिलं. बारा दिवसांच्या गोळ्या तशाच होत्या. मला घेऊन ती दवाखान्यात बाबांकडे गेली.

"यात काहीच बिघडलेलं नाही," ती म्हणाली आणि खाटेच्या कडेला डोकं टेकून रडू लागली. "का केलंत असं, बाबा?"

बाबा तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाले, "दिवा राहिलाय म्हटलं की तुझा आवाज पडायचा गं. दिवसातनं एकदाच ऐकू येणारा आवाज, तो तरी हसरा असावा."

या वेळी तिने बाबांना विचारलं नाही, सरळ सोबत घेऊन आली. तिथे मला कुणी कमरेला बांधलं नाही. ती मला शाळेत घेऊन आली. सर्किट एक गोष्ट कशी लक्षात ठेवतं, हे शिकवायला मी कामी यायचो. मुलं बटणं दाबायची, हसायची. मला कौतुक वाटायचं. पण तास संपला की कपाट बंद.

एकदा एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, हे खरंच कुणी वापरलं होतं?"

"माझ्या बाबांनी."

"आता कसे आहेत ते?"

"बरे आहेत," ती पटकन म्हणाली. मग तिने हातातला खडू खाली ठेवला. "खरं म्हणजे आज मी त्यांना विचारलेलंच नाही. घाईत निघाले." तिने पर्स उचलली. "आजचा तास इथंच थांबवू या." आणि भर दुपारी ती घरी गेली.

मित्रांनो, त्यानंतर नवी यंत्रं आली आणि माझं कपाट क्वचितच उघडतं. माझी तक्रार नाही. तुम्ही माझ्यासारखी, माझ्याहून हुशार यंत्रं जरूर बनवा. ती पुसा, जपा, तुमच्या माणसांच्या अंगावर बांधा. पण त्या माणसांची खुशाली आम्हाला विचारून फोन ठेवू नका. पलीकडून कुणी "ऐक ना" म्हणालं, तर थांबा. आम्हाला ते ऐकू येतं, पण उत्तर देता येत नाही.