पालथी पाटी

मी पाटी बोलतेय. शाळेतली काळी पाटी नव्हे, मासळीची. नाक मुरडायचं तर खुशाल मुरडा, पण माझं ऐकून घ्या.

पाली गावच्या एका बुरुडाने मला विणलं. ठमाबाईने बाजारात मला उलटंसुलटं केलं, बुडाशी दोन बुक्के मारले आणि मगच घेतलं. तिची वस्ती रत्नागिरीच्या खाडीकाठच्या मच्छीमारांच्या वाडीत. तेव्हापासून तिचं डोकं हेच माझं घर झालं.

तिचा नवरा सखाराम हिवतापाने गेला. डॉक्टर खाडीपलीकडे होता, पण त्याला आणायची ऐपत नव्हती. पुढे एकुलती लेक चिमाही तशीच तापू लागली. मला डोक्यावर घेऊन जाताना ठमाबाई रस्ताभर पुटपुटायची, "हिला नाय जाऊ देनार."

त्याच सुमारास जिल्हा बोर्डाचे एक मेंबर वाडीत आले. डॉक्टरचा अर्धा खर्च बोर्ड उचलेल, उरलेल्यासाठी दर होडीने रोजच्या मासळीतून एक वाटा काढावा, असं त्यांनी सांगितलं. झालं, वाडीत रणच माजलं!

मोठ्या होडीचा तांडेल, म्हणजे प्रमुख, खंडू ताडकन उठला. "आमची घरं धडधाकट. दुसऱ्याच्या तापाचा भार आमी का घ्यायचा? आनि ज्या घरातून वल्ह्यावर मानूस येत नाय, त्या घराला डागतर पन नाय!"

मेंबरांनी मान डोलावली. मान डोलवायला खर्च येत नाही.

सखाराम गेल्यापासून ठमाबाईच्या घरातून वल्ह्यावर कोणी जात नव्हतं. ती उभी राहिली. "खंडूदादा, जाळ्याला वाटा देताव ना? जाळं काय वल्हं मारतं? फाटलं तं शिवायला लागतं, म्हनून देताव. मंग मानूस फाटला तं?"

"ती बापजाद्यांची रीत हाय," खंडू गुरगुरला.

"बरं. मंग मासळी पन तुमीच न्या बाजारात." असं म्हणून तिने मला वाळूवर पालथं घातलं. मागोमाग राहीने, बकुळाने, साऱ्या बायांनी आपापल्या पाट्या पालथ्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी होड्या भरून आल्या, पण मासळी उचलायला कोणी पुढे येईना. घारी-कावळ्यांची चंगळ झाली. खरं सांगते, मला भीती वाटत होती. पाट्या पालथ्या म्हणजे ठमाबाईची चूलही थंड, आणि घरात चिमा तापाने फणफणलेली. पण ठमाबाई मागे हटली नाही.

पुढची खेपही सडली, तेव्हा खंडू आला. त्याने स्वतःच्या हाताने मला सुलटं केलं आणि माझ्यात मासळी ओतली. "हा आजाऱ्यांचा वाटा. सगळ्या घरांचा. ठमे, तुझ्या बी घराचा." संध्याकाळी डॉक्टर खाडी उतरून आला तो खंडूच्याच होडीतून.

चिमा वाचली. आज मी तिच्याच डोक्यावर असते. आजाऱ्यांचा वाटा अजून निघतो, आणि सगळ्यांत आधी माझ्यातच पडतो.

आता बोर्डात पुन्हा वाद चाललाय म्हणे. मदत झेपत नाही, गरिबांनी आपलं आपण पाहावं, असं कोणी मेंबर बोलले. मेंबरसाहेब, एकदा आमच्या वाडीत येऊन जा. मी म्हातारी झालेय, माझं बूड दोनदा विणून घेतलंय, तेही आता झिजलंय. पण पालथं पडायला बूड शाबूत लागत नाही.