खोकणारा भाडेकरू

“अगं ए उम्म हानी! उस्ताज खोकले का गं?” न्हाणीच्या खिडकीतून मान बाहेर काढून मी ओरडले.

इमारतीच्या पोटात उजेडासाठी पोकळी सोडलीय ना, तिच्यात सगळ्यांच्या न्हाणीच्या खिडक्या उघडतात. कैरोतलं अर्धं राजकारण तिथंच चालतं. तिसऱ्या मजल्यावरून उम्म हानीचं डोकं बाहेर आलं, साबणाच्या फेसासकट.

“नाही हो हाज्जा. मीही कधीची कान लावून बसलेय. सव्वासहा झाले.”

“झोपले असतील.”

“एक्कावन्न वर्षांत कधी झोपले का?”

नव्हते झोपले. तळमजल्यावरचे उस्ताज वगदी पहाटे ठीक सहाला खोकतात. आधी तीन बारीक, मग एक असा, की समोरच्या मशिदीतली कबुतरं उडून पार पिरॅमिडवर जाऊन बसतात. शपथेवर सांगते. एकदा तर त्यांच्या खोकल्यानं ट्राम थांबली होती. ते ट्रामचे तिकीट तपासनीस होते, ही गोष्ट वेगळी.

ही इमारत माझी आहे. खरंच, कागद आहेत. तळमजला धरून पाच मजले, पाच बिऱ्हाडं, आणि मालकीण कुठं? गच्चीवरच्या धुण्याच्या खोलीत. आमच्याकडे जुना करार म्हणजे निकाहापेक्षा पक्का. निकाह मोडता तरी येतो. भाडेकरू जिवंत आहे तोवर घर त्याचं, मागं बायको-पोरं असली तर पुढं त्यांचं. मालकानं फक्त छत गळलं की शिव्या खायच्या.

चूक माझीच. मी एकोणीस वर्षांची होते. तळमजल्यासाठी दोन माणसं आली. एक पैलवानासारखा हवालदार, पाच पोरांचा बाप. दुसरा हा वगदी, काडीसारखा, एकटा, रुमालात खोकत होता. अब्बांनी पडद्याआड येऊन विचारलं, “इन्साफ, कुणाला देऊ?”

मी म्हटलं, “खोकणाऱ्याला द्या. वर्षभर टिकायचा नाही.”

अब्बांना माझी अक्कल इतकी आवडली की त्यांनी मला संध्याकाळी रव्याचा गोड बसबूसा आणून खायला घातला. पुढं माझं लग्न झालं. नवरा म्हणाला, “दोन महिने गच्चीवर काढू. खोकणारा गेला की खाली उतरू.” अब्बा गेले. नवरा गेला. वगदीची छाती तपासणारे तीन डॉक्टर गेले. तो हवालदारही गेला म्हणतात, घोड्यासारखा धडधाकट असताना. आणि माझे गुडघे गेले. चार वर्षं झाली, मी खाली उतरलेली नाही. एकशे आठ पायऱ्या आहेत. लग्नात त्र्याण्णव होत्या. रात्री कुणीतरी वाढवतं.

मला महाल नको होता हो. दार उघडलं की रस्ता, एवढंच हवं होतं. स्वतःच्या पायांनी जाऊन स्वतः निवडून टोमॅटो घ्यायचे. आता दोरीला टोपली बांधून खाली सोडते, आणि भाजीवाला नेमका पिचका टोमॅटो वर पाठवतो.

साडेसहा झाले. खोकला नाही.

मी उशीखालचं कुलूप काढलं. पाच वर्षांपूर्वी आणून ठेवलं होतं. उस्ताजांचा पुतण्या तिकडे तान्ता शहरात राहतो. कायद्यानं त्याचा हक्क नाही, पण त्यानं एकदा आत खाट टाकली की कोर्टात वीस वर्षं गेली. माझ्याकडे वीस वर्षं कुठली? पहिलं कुलूप माझं पडायला हवं होतं.

उभ्यानं उतरवेना, म्हणून बसून निघाले. एकेक पायरी, बुडावर. तिसऱ्या मजल्यावर उम्म हानीनं दार उघडलं आणि कपाळावर हात मारला.

“या अल्ला! हाज्जा, घसरगुंडी खेळताय?”

“तुझ्या नवऱ्याच्या लग्नाला चाललेय. हो बाजूला!”

“चहा तरी घ्या.”

“येताना.” येणार कशी होते, देव जाणे.

तळमजल्याचं दार नुसतं लोटलेलं होतं. माझं काळीज धडधडत होतं. कशानं, ते विचारू नका. ढकललं, तर उस्ताज खिडकीपाशी बसून पावाबरोबर फूलच्या दाण्यांची उसळ खात होते.

“अरे, मालकीणबाई! या, या. जेवायला बसा.”

“तुम्ही खोकलात का नाही?”

“थांबला. तुम्ही थंडीभर टोपलीतून पेरूच्या पानांचा काढा पाठवलात ना? काल रात्री शेवटचा घोट घेतला, आणि आज छाती आरशासारखी!”

म्हणजे मीच! स्वतःच्या हातानं! मला हसू आलं आणि रडूही. मी खुर्चीत कोसळले. कुलूप झग्याच्या खिशातून खण्णकन् फरशीवर पडलं.



उस्ताजांनी वाकून उचललं, किल्ली फिरवून पाहिली. “गंजलंय हो. ऐन वेळी दगा दिला असता.” त्यांनी कपाटातून शिलाई मशीनच्या तेलाची बाटली काढली.

“लाजवू नका उस्ताज.”

“लाज कसली? मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पडदा पातळ होता, मालकीणबाई. वर्षभर टिकायचा नाही म्हणालात.”

“मग लग्न का नाही केलंत? बायको असती तर घर तिच्या नावावर गेलं असतं, माझी आशा तरी सुटली असती.”

“एक वर्षाच्या नवऱ्याला कोण पोरगी देतं?” ते हसले, थेंब थेंब तेल सोडत राहिले. “आणि आता मी जाऊ कुठं? इथून बाहेर पाऊल टाकलं, तर या शहरात मला खाट टाकायलाही जागा नाही.”

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. गच्चीवरून चार वर्षं मी माणसांची नुसती टाळकी बघत होते. इथून चेहरे दिसत होते. समोर भाजीवाला टोमॅटो रचत होता, चांगले पुढं, पिचके मागं. टोपलीसाठी.

दुपारी चार बिऱ्हाडांतल्या चार पुरुषांनी मला खुर्चीवर बसवून वर नेलं. उम्म हानी पुढं जिभेनं लू-लू करत झगारित घालत होती, जशी नवरीच्या वरातीत बायका घालतात. “हाज्जा, हलकं व्हा जरा!” असं चौघं धापा टाकत म्हणत होते. चौघांकडेही जुना करार. एकालाही माझ्या आधी मरायची घाई नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला मी खिडकीशी बसले. खालून खोकला आला. आधी तीन बारीक, मग एक मोठा. खोटा, खास माझ्यासाठी काढलेला. हजारांत ओळखेन मी. कबूतर एकही उडालं नाही.

मी टोपली खाली सोडली. काढ्याची बाटली ठेवली नाही; नुसता गरम पाव ठेवला.

कुलूप आता लोण्यासारखं फिरतं. मांडीवर घेऊन बसते, उघडते, लावते, पुन्हा उघडते. जरासुद्धा आवाज होत नाही.