खांद्यावरची मॅग्नम

"या बयेला उचलण्यापेक्षा मक्याचं पोतं उचललेलं बरं," माझी नळी पुसता पुसता सोमोए पुटपुटली. "आणि तेल तर माझ्या केसांपेक्षा हिलाच जास्त!"

मित्रांनो, ती बया म्हणजे मी. मी एक जुनी, मोठ्या काडतुसाची मॅग्नम रायफल आहे. दूरच्या थंड देशात कुणीतरी अक्रोडाच्या लाकडातून माझा दस्ता कोरला. पण माझं आयुष्य गेलं ते इथे, रुवुमा नदीकाठच्या गावराखणदारांकडे. सतरा वर्षं मी म्हाताऱ्या लुआम्बानोच्या खांद्याला आहे. सोमोए त्याची पुतणी, तीही राखणदार. तिच्याकडे हलकी रायफल असते.

माझे चांगले दिवस तुम्ही पाहायला हवे होते! एकदा पिसाळलेला हत्ती मक्यातून लुआम्बानोवर धावून आला आणि माझ्या एका गोळीने दहा पावलांवर बसला. हलक्या रायफलीचं ते काम नव्हे. त्या दिवशी बायकांनी माझ्या दस्त्यावर मानाचं पिठाचं बोट ओढलं.

माझ्यात खोटही आहे, लपवत नाही. माझी गोळी एका रानरेड्यातून आरपार जाऊन मागच्या वासराला लागली, तेही मीच पाहिलं. आणि जेवढ्या जोराने मी पुढे मारते, तेवढ्याच जोराने मागे लाथ घालते. दोन वर्षांपूर्वी लुआम्बानोने मला घाईत, नीट न टेकवता उडवलं आणि त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. हाड जुळलं. आतलं काहीतरी जुळलं नाही.

तेव्हापासून चाप ओढण्याआधीच त्याचे डोळे मिटतात, खांदा मागे सरतो, माझं तोंड खाली जातं. सगळ्यांना हे दिसत होतं. सगळे म्हणत, वाऱ्याने घात केला. काडतूस जुनं निघालं. माझी माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट, वाकलीय, असंही म्हणून झालं! दोनदा ठोकून सरळ केली बिचारी. माझ्या दस्त्याला सावरीच्या कापसाची उशीही बांधली.

तिंद्वासुद्धा गप्प होता, याचं मला नवल वाटे. तिंद्वा माग काढणारा. त्याच्या आणि लुआम्बानोच्या कुळांत थट्टेचं नातं. एकमेकांच्या घरच्या मयतातही टोमणा मारायचा हक्क, आणि समोरच्याने रागवायचं नाही. तो लुआम्बानोच्या टकलावर बोले, पोटावर बोले. पण खांद्यावर कधीच नाही.

आज सकाळी मी पुन्हा चुकले. रानरेड्याच्या खांद्याऐवजी गोळी पोटात बसली आणि तो लव्हाळ्यात शिरला. बायकांची पाण्याची वाट तिथूनच जाते. सकाळपासून एक घागर भरलेली नाही. इथला रिवाज असा, की ज्याने जखमी केलं त्याच्या बंदुकीने संपवायचं.

लव्हाळ्याच्या कडेला तिघं थांबली. आत कुठेतरी जड श्वास चालू होता.

"मोठेबाबा, मी पुढे होते," सोमोए हळूच म्हणाली.

"त्या काडीने? त्याची पाठ खाजवायला जातेस?"

"काडी नको. तुमची द्या. गेल्या महिन्यात तीन गोळ्या उडवल्या मी हिच्यातून, तिन्ही भोपळ्यात."

"भोपळा अंगावर येत नाही, पोरी."

काडतुसं भरून मला हातात द्यायचं काम तिंद्वाचं. त्याने माझा बोल्ट मागे ओढला, पुढे सारला, पण काडतूस मुठीतच ठेवलं. मित्रांनो, मी आतून रिकामी होते, आणि हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं.

"म्हाताऱ्या, आत जाण्याआधी त्या वारुळावर एकदा नेम धर. माशी सरळ आहे का, कळेल."

"आवाजाने तो बुजेल."

"तो आपल्याला केव्हाच ओळखून आहे. मार."

लुआम्बानोने मला खांद्याला लावलं. त्याच्या गालाचा घाम माझ्या लाकडावर उतरला. चाप ओढला गेला.

टक्.

धडाका नाही, लाथ नाही. तरी माझं तोंड हातभर खाली जाऊन मातीकडे बघत होतं. लुआम्बानोचे डोळे गच्च मिटलेले. सोमोएने मान फिरवली.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना नीट ठेवा, तेलपाणी करा, हे तुम्हाला सगळेच सांगतील. आम्हाला उचलणाऱ्या माणसालाही कधीतरी विचारा, की बाबा, कुठे दुखतंय.

तिंद्वाने मूठ उघडून काडतूस दाखवलं. तो हसला नाही. थट्टेत बोलला असता तर लुआम्बानोनेही हसून उडवलं असतं.

"रेड्याला तू भीत नाहीस, दादा," तो म्हणाला. "तू हिला भितोस. दे ती पोरीकडे."