लिटल टॅमरॅकच्या दोन बाटल्या

एक ऑक्टोबर, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. व्हर्ना स्टोल्झने पुलाच्या कठड्यावरून बादली लिटल टॅमरॅक नदीत सोडली. विस्कॉन्सिन राज्यातर्फे पाण्याचे नमुने घ्यायला ती सव्वीस वर्षं इथे येत होती. केंद्र सरकारच्या बाजूने येणारा ऑरिन हॉगेन आज सरकारी गाडीतून नाही, स्वतःच्या खडखड्या पिकअपमधून उतरला.

"काय वॉशिंग्टन, गाडी काढून घेतली वाटतं?" व्हर्नाने त्याला चिडवलं.

"आपल्या दोन्ही सरकारांचा नमुन्यांचा करारच संपला काल. नवा सहीसाठी पडलाय. मी आज रजेवर आहे बाई, नुसती कॉफी प्यायला आलोय."

पहिल्या वर्षी दोन्ही प्रयोगशाळांचे फॉस्फरसचे आकडे जुळत नव्हते. तुझीच बाटली घाण, असं दोघं एकमेकांना म्हणत. मग ऑरिनने तोडगा काढला, "तू ओत, मी निवडतो." त्याची आई मुलांना केक असाच वाटायला लावायची. तेव्हापासून एका बादलीतून एकाने दोन बाटल्या भरायच्या, दुसऱ्याने हवी ती उचलायची. भांडण मिटलं. जानेवारीत ऑरिन बर्फाला भोक पाडायचा आणि व्हर्ना म्हणायची, "एवढ्यातून मासासुद्धा नाक काढणार नाही." हळूहळू खालच्या तळ्यावरचा, फॉस्फरसने माजलेल्या शेवाळाचा हिरवा थर विरला, पोरं पुन्हा पोहू लागली.

नदीच्या वरच्या अंगाच्या चीज कारखान्याने पाण्यात किती फॉस्फरस सोडायचा, ते दोन्ही प्रयोगशाळांच्या या जोड-आकड्यांवर ठरत असे. नोव्हेंबरात त्या मर्यादेचा फेरविचार होता. एक महिना गाळला तर नोंद तुटणार होती.

व्हर्नाने दोन बाटल्या भरल्या. "उचल."

"माझ्या सहीला आज किंमत नाही गं."

"सही मागितली का मी? उचल म्हटलं."

त्याने दोन्ही उजेडात धरून पाहिल्या. "ही जरा जास्त भरलीस. लाच देतेस?" म्हणत तीच घेतली. चिठ्ठीवर नाव लिहिलं, हुद्द्याच्या जागी 'रजेवर' लिहिलं आणि दीड तास गाडी चालवत ती बाटली केंद्राच्या प्रयोगशाळेत नेऊन दिली.

करार नाही म्हणून तिथल्या बाईंनी तपासायला नकार दिला, पण बाटली परतही केली नाही. "टिकवायला आम्ल घातलंय, थंडीत अठ्ठावीस दिवस टिकेल," त्या म्हणाल्या. "तोवर करार आला तर बघू."

नऊ ऑक्टोबरच्या दुपारी व्हर्नाने त्या प्रयोगशाळेत फोन केला तेव्हा बाटली फ्रिजमध्येच होती. करारावर सही झालेली नव्हती; मुदतीचे वीस दिवस उरले होते.