घेणाऱ्याची सही

“घेणाऱ्याची सही कुठंय?” मी विचारलं.

रूपलालनं कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “घेणारा कोठी हाये, बाबूजी? मी तं सकाळपासून वाट पाहून राहिलो.”

तारीख तीस सप्टेंबर. रूपलाल तलावातून शेतांना पाणी सोडायच्या गेटवरचा चौकीदार. एकतीस वर्षांची त्याची नोकरी त्या संध्याकाळी संपत होती. मी उपविभागातला आस्थापना लिपिक. त्याच्या हाती नारळ ठेवण्याआधी गेटचा प्रभार काढून घेणं माझं काम. प्रभाराच्या कागदावर दोन सह्या लागतात, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. देणारा समोर उभा होता.

घेणारा नव्हता, यात माझाही वाटा होता. दरवर्षी वरून एक तक्ता येतो. कोणतं पद कधी रिकामं होणार, त्या जागी कोण तयार होतोय, ते भरून पाठवायचं. तयार माणसाच्या रकान्यात मी तीन वर्षं ‘निरंक’ लिहिलं. कुणी ब्रसुद्धा काढला नाही. रूपलालचे अर्जही येत होते. ‘एक माणूस द्या, दोन पावसाळ्यांत शिकवतो.’ मी ते फाईलला लावत गेलो. फाईल चांगली जाड झाली.

शिकवण्यासारखं होतं तरी काय? गेट उघडायला हँडलचे बेचाळीस फेरे. पण सतराव्या फेऱ्याला थांबायचं, दोन फेरे मागं यायचं, मग पुढं जायचं. नाहीतर जुना स्क्रू अडकतो. एकदा रूपलाल आजारी असताना बदलीवरच्या माणसानं सरळ फिरवलं. गेट चार दिवस उघडंच राहिलं आणि खालच्या तीन गावांचं धान कुजलं.

“हे सगळं लिहून द्या ना,” मी म्हणालो.

“लिहून देल्लं हाये. वाचाले कोन हाये?”

साडेचारला भुपेंद्र साहेब आले. कनिष्ठ अभियंता, रूपलालच्या मुलाच्या वयाचे, आधीच तीन शाखांचा भार डोक्यावर. रूपलालनं त्यांच्यापुढं हात जोडले.

“सायेब, धान निसवून राहिलं, लोंब्या बाहेर येऊन राहिल्या. अजून पंधरा दिवस पानी लागते. माह्या खांद्यात आता जीव नाही. कोनाले तरी द्या.”

“काका, मैं क्या करूं? तुमच्यानंतर ही पोस्टच मंजूर नाही. मी घेणारा म्हणून सही केली आणि कुछ हो गया, तर निलंबन माझं.” साहेबांनी नजर वळवली आणि गाडीची चावी उचलली.

रूपलालचे हात तसेच जोडलेले राहिले. मला त्याची कीव आली, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

“प्रभार नाही देल्ला तं पेन्शन अडकते ना?”

“अडकते.”

त्यानं पेन मागितलं. देणाऱ्याच्या जागी सही केली आणि घेणाऱ्याच्या जागीही तीच सही केली. “चालते काय?”

नियमात ते कुठंच बसत नव्हतं. मी शिक्का मारला. मग आम्ही त्याला शाल पांघरली. प्रभारात द्यायला काढून आणलेलं गेटचं हँडल त्याच्या पायाशी पोत्यात गुंडाळून ठेवलेलं होतं. तो ते परत घरी घेऊन गेला.

पेन्शनच्या कागदावर त्याच्या बायकोची, राजकुमारीबाईंची, सही राहिली होती. म्हणून चार दिवसांनी मी तलावावर गेलो. पाळीवर, तलावाच्या बांधावर, पदर खोचून राजकुमारीबाई हँडल फिरवत होत्या. रूपलाल शेजारी उभा राहून मोजत होता. त्याचा उजवा हात लोंबत होता.

“सोळा, सतरा. थांब. मांगं दोन.”

बाई थांबल्या, दोन फेरे मागं आल्या, पुन्हा पुढं निघाल्या. मी कागद हातात घेऊन उभा राहिलो.

“तुमच्या मांगं मी हावो,” हँडल न सोडता त्या नवऱ्याला म्हणाल्या. “माह्या मांगं कोन?”

रूपलालची नजर हँडलवरून बाईंकडं वळली. हँडल करकरत फिरत राहिलं. बऱ्याच वेळानं बाईंनी विचारलं, “किती झाले?”

तो गडबडला. त्याचे ओठ हलले, पण आकडा काही येईना. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं.

“बाबूजी, तुमी मोजून राहिले होते काय?”

मी मोजत नव्हतो.

राजकुमारीबाईंनी कपाळावरचा घाम पुसला आणि पहिल्यापासून मोजता यावं म्हणून हँडल उलटं फिरवायला लागल्या.