ठेकेदाराची उपकारस्तुती

ठेकेदाराने खिशातून मोजपट्टी काढली, संगमरवरावर खडूने आखलेल्या आपल्या नावावर धरली आणि मान हलवली.

"हे तीन इंच भरतंय. मला सहा पाहिजे."

पाटीवाल्याने हातातली छिन्नी फडक्याला पुसली. सहा इंचांचं अक्षर त्याने आजवर एकदाच कोरलं होतं, तेही एका बँकेच्या दारावर.

"सहा केलं तर वरची ओळ दाबावी लागेल," तो म्हणाला. "वरच्या ओळीत प्रभूचं नाव आहे."

"दाबा की थोडी."

"इंचभर उरेल."

"त्याला सगळे ओळखतात," ठेकेदार म्हणाला आणि मोजपट्टी सोडून दिली. ती सर्रकन आपल्या डबीत गेली. "मजकूर पाळकसाहेबांनी दिलाय तोच ठेवा. माझं नाव तेवढं ठळक आलं पाहिजे. लांबून दिसलं पाहिजे."

तो गेल्यावर पाटीवाला बराच वेळ दाराकडे बघत उभा राहिला. मग आत वळून बायकोला म्हणाला, "ऐकलंस? प्रभूला सगळे ओळखतात."

चर्चच्या व्हरांड्याची भिंत नव्याने बांधून झाली होती. ज्यांना उपकारस्तुती करायची असेल त्यांनी तिथे एकेक दगड बसवावा, असं पाळकसाहेबांनी जाहीर केलं, आणि अकरा जणांना एकदम देव आठवला. अकराही दगड पाटीवाल्याकडेच आले. तो त्याच मंडळीतला होता, आणि गावात हाताने कोरणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

दातांच्या डॉक्टरला मुलीच्या व्हिसाबद्दल देवाचे आभार मानायचे होते. एका जोडप्याने नव्या गाडीबद्दल दगड सांगितला होता आणि गाडीचं मॉडेल मजकुरात असावं असा नवऱ्याचा आग्रह होता. एका बाईने सख्ख्या भावाविरुद्धचा दावा जिंकला होता. तिच्या दगडावर 'देव न्यायी आहे' एवढंच होतं, पण भावाची नेहमीची बसायची जागा कुठली हे बघून तिने भिंतीवरचा कोपरा निवडला होता. पाटीवाला हे सगळं निमूटपणे कोरत होता आणि जेवताना बायकोला रंगवून सांगत होता.

"तुम्हाला कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही," ती म्हणायची.

"चांगलं झालेलं बघवतं. त्याची पाटी बघवत नाही."

"पाट्यांवरच तर जगतो आपण."

ती डोळे मिटून जेवणाआधीची प्रार्थना म्हणे, तेव्हा तो डोळे उघडे ठेवून ताटाकडे बघत बसे. खोटे आभार आपण कधी मानले नाहीत, याचा त्याला अभिमान होता. रविवारी लोक एकेक करून साक्ष द्यायला उठत, प्रभूने कसं तारलं ते सांगत, आणि तो शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून कोण किती फुगवतंय याचा अंदाज बांधत असे. सबंध मंडळीत आपण एकटेच खरे, असं त्याला मनापासून वाटे.

ठेकेदाराची त्याला विशेष चीड होती. हा माणूस तरुणपणी गवंडी होता. भिंती बांधता बांधता इमारती बांधू लागला, आणि चर्चमध्ये पहिल्या बाकावर सरकला. भजनाचं पुस्तक हातात उघडं धरून सगळ्यांच्या वरताण आवाजात गायचा. वर्षाच्या सुरुवातीला त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा मंडळीने तीन रविवार त्याच्यासाठी प्रार्थना केली होती. आता बरा होऊन आला होता, आणि त्याला सहा इंच पाहिजे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीवाल्याने ओल्या फडक्याने दगडावरची सगळी आखणी पुसून टाकली. नव्याने रेघा मारल्या. वर मधोमध 'प्रभू' हा शब्द चांगला चार इंचांचा घेतला. त्याखाली मजकूर मध्यम अक्षरात: 'याने मला पुन्हा उभे केले.' आणि अगदी खाली उजव्या कोपऱ्यात, नकाशावर खेड्याचं नाव असतं तसं, अर्ध्या इंचात ठेकेदाराचं नाव. छिन्नी लावताना त्याचा हात इतका हलका चालला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. कित्येक वर्षांत एवढं सुबक काम त्याच्या हातून उतरलं नव्हतं.

कोरलेल्या अक्षरांत काळा रंग भरायचं काम बायकोचं. दगडापाशी बसताच तिचा कुंचला थांबला.

"हे असं त्यांनी सांगितलं?"

"त्याने नाही. दहा आज्ञांनी सांगितलं."

"दाखवलंत त्यांना?"

"रविवारी बघेल की सगळ्यांबरोबर."

तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घालून रंग भरू लागली. कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांसाठी तिला कुंचला बदलावा लागला.

रविवारी उपासना संपल्यावर मंडळी व्हरांड्यात जमली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि भिंतीवरचा पडदा ओढला. लोक पुढे सरकले. आपापला दगड शोधून झाला, मग दुसऱ्यांचे वाचून झाले. पाटीवाला खांबाला टेकून फक्त ठेकेदाराचं तोंड बघत होता. ते पडायची तो वाट पाहत होता.

ते पडलं नाही. ठेकेदार पुस्तक काखेत धरून सगळ्यांकडे बघून हसत होता. डॉक्टरने त्याचा हात हातात घेतला, पाळकसाहेबांनी खांद्यावर थाप मारली. दावा जिंकलेली बाई म्हणाली, "तुमच्याकडून शिकावं हो. नाव किती बारीक घातलंत. शोधावं लागतं."

ठेकेदार हसतच राहिला. पण त्याचा एक हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

किती निगरगट्ट, पाटीवाल्याला वाटलं. नम्रपणाचं श्रेयसुद्धा फुकटात घेतोय.

चहासाठी सगळे सभागृहात गेले. पाटीवाला मागे राहिला, कारण ठेकेदारही मागे राहिला होता. घोळक्यात नाही तर एकट्यात तरी त्याचा आवाज चढेल. उत्तर तयार होतं. दोन दिवस मनात घोळवून घोळवून त्याने ते चांगलं टोकदार केलं होतं.

ठेकेदार भिंतीजवळ गेला. पहिल्या दगडासमोर उभा राहिला, मग दुसऱ्यासमोर. डॉक्टरच्या दगडावर डॉक्टरचं नाव मोठं होतं. तिथे तो बराच रेंगाळला. खिशातून त्याने घडीचा एक कागद काढला. घड्यांवर फाटत आलेला, पिवळा. तो उघडून त्याने दगडाशेजारी धरला, कागदाकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं आणि पुढच्या दगडाकडे सरकला. स्वतःच्या दगडासमोरून तो तसाच पुढे गेला.

पाटीवाला खांबापासून निघून त्याच्याजवळ आला.

"काय शोधताय?"

"माझा दगड कुठला?"

"वाचा की."

ठेकेदाराने सभागृहाच्या दाराकडे पाहिलं. आतून कपबशांचा आवाज येत होता. त्याने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"मला वाचता येत नाही," तो हळू आवाजात म्हणाला.

पाटीवाल्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"आकडे येतात," ठेकेदार म्हणाला. "मापं येतात. कागदपत्रं मुलगी बघायची, आता ती परगावी असते, तर फोनवर फोटो पाठवतो. आणि हे एवढं एक येतं."

त्याने कागद पुढे केला. त्यावर शिसपेन्सिलीने त्याचं नाव लिहिलेलं होतं, कागदभर, चार जाड अक्षरांत.

"बायकोनं शिकवलं. संध्याकाळी काम सुटलं की ओल्या गिलाव्यावर थापीच्या टोकानं काढून दाखवायची. हातभर एकेक अक्षर. सकाळी मी त्यावरून पुन्हा गिलावा मारायचो. बाकीचं शिकायच्या आधी ती गेली." तो थोडा थांबला. "बारीक असलं की मला लागत नाही. म्हणून सहा इंच म्हणालो."

तयार केलेलं उत्तर पाटीवाल्याच्या जिभेवर होतं. तिथेच त्याची चव बदलली.

"तुम्ही गाता मग," तो म्हणाला.

"पाठ आहे सगळं. ऐकून ऐकून. पुस्तक आपलं धरायचं म्हणून धरतो."

पाटीवाला त्याला दोन दगड मागे घेऊन आला. खाली वाकला आणि उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. ठेकेदारही वाकायला गेला, पण छातीवरचे टाके अजून ओढत असावेत. तो अर्ध्यातच थांबला आणि भिंतीला हात टेकून हळूहळू गुडघ्यावर बसला. डोळे बारीक करून त्याने पाहिलं. कागद शेजारी धरला. पहिलं अक्षर जुळलं, तसे त्याचे ओठ हलले.

"एवढंसं," तो म्हणाला.

चूक झाली, असं म्हणता आलं असतं. दगड कमी पडला, असंही म्हणता आलं असतं.

"मी मुद्दाम केलं," पाटीवाला म्हणाला. "तुम्हाला सगळ्यांसमोर खाली बघायला लावायचं होतं."

ठेकेदाराने वर पाहिलं नाही. बोटाच्या टोकाने तो त्या चार अक्षरांवरून फिरत होता. बोट जाड होतं, एकाच वेळी दोन अक्षरं झाकत होतं.

"बुधवारपर्यंत दुसरा करून बसवतो," पाटीवाला म्हणाला. "तुम्ही सांगितलं होतं तसा."

"करा. मला ते दिसायला पाहिजे. तिचं आहे ते."

"हो."

ठेकेदार उठायला लागला. पाटीवाल्याने त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं. त्याचं वजन वाटलं होतं त्यापेक्षा बरंच कमी होतं. उभं राहिल्यावर ठेकेदाराची नजर दगडाच्या वरच्या भागावर गेली.

"मग हे मोठं काय काढलंय?"

"प्रभू."

"हे?"

"हो. एवढंच. प्रभू."

सबंध आयुष्य जो शब्द ठेकेदार रोज तोंडाने म्हणत आला होता, त्याच्याकडे तो एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं तसा बघत राहिला. मग पुढे होऊन त्याने चार इंचांच्या पहिल्या अक्षरावर तळहात ठेवला.

"असं दिसतं होय," तो म्हणाला. "मग हे पण असंच ठेवा. दोन्ही मोठं."

"या दगडात मावणार नाही."

"मोठा दगड घ्या."

सभागृहाच्या दारातून पाटीवाल्याच्या बायकोने डोकावून चहा गार होत असल्याचं सांगितलं. दोघांपैकी कुणीच वळलं नाही. ती क्षणभर थांबली आणि आत गेली. ठेकेदाराने अक्षराच्या उभ्या रेघेवरून बोट खाली आणलं. तळाशी डावीकडे उतरणाऱ्या छोट्या तिरक्या रेघेशी ते अडलं.

"ही रेघ कशाची? घसरली का छिन्नी?"

"नाही. तो र आहे. प ला जोडलाय."

"म्हणजे हा एवढासा अर्धा, आणि हा वरचा पुरा."

पाटीवाल्याने त्या तिरक्या रेघेवर बोट ठेवलं.

"नाही," तो म्हणाला. "प अर्धा असतो. र पुरा."

"दिसतं उलटंच," ठेकेदार म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून त्यावरून बोट फिरवू लागला.