कुसाबाईंच्या रक्तातला निरोप्या

मी एक जुना निरोप्या आहे, मित्रांनो. जातीनं प्रथिन. डाळीतलं नव्हे, पेशीच्या आत राबणारं. खरं तर मी फार तर दोन-चार दिवस जगतो. मग पेशी मला मोडते आणि त्याच साच्यातून दुसरा मी काढते. जुना आहे तो साचा. मुक्काम कळवणजवळच्या कुसाबाईंच्या रक्तात.

माझं काम साधं होतं. पेशीच्या आवरणावर बाहेरून हुकूम येई आणि एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, असा हातोहात माझ्यापर्यंत पोचे. माझ्या अंगात एक खाच आहे. तिच्यात इंधनाचा कण बसला की त्याचा बारीक तुकडा मी पुढच्या प्रथिनाला चिकटवायचो. तोच निरोप : वाढ, एकाची दोन हो. निरोप दिला की गप्प बसायचं. हे गप्प बसणं म्हणजे माझं निम्मं काम, आणि त्याचं कौतुक कुणी कधी केलं नाही.

मग एका पेशीत दोन गुणसूत्रं तुटली आणि भलतीच जोडली गेली. त्या बिघडल्या साच्यातून निघालेला मी गप्प बसायचंच विसरलो. हुकूम नसताना ओरडत सुटलो. पांढऱ्या पेशींची जत्रा भरली, म्हणजे रक्ताचा कर्करोग. कुसाबाई थकल्या, डाव्या बरगडीखाली पोट फुगलं. गावात कुणी म्हणालं, "मागच्या जन्माचं पाप." खोटं! साचा माझा मोडला होता. त्या बाईचा काय दोष?

नाशकात इंदिरानगरच्या दवाखान्यात गोळी सुरू झाली. ती येऊन थेट माझ्या खाचेत बसते. इंधनाला जागाच नाही, मग निरोप कसला देणार? पाच महिने मी मुकाट होतो. कुसाबाई पुन्हा कांदे निवडायला जाऊ लागल्या.

अश्विनात घट बसले आणि गोळी यायची थांबली. खाच मोकळी झाली. मी पुन्हा ओरडू लागलो.

दसऱ्याला सून मनीषाच्या हाती पाकीट लागलं.

"आत्याबाई, नऊच्या नऊ गोळ्या तशाच?"

"डॉक्टरनीच सांगितलं ना, जेवल्यावर घ्यायची. मी जेवले कुठं? नुसती भगर आन् दाण्याची आमटी."

"ताटलीभर भगर खाल्ली की!"

"तो फराळ झाला. त्याला जेवण म्हनलं तर उपास मोडला ना माझा!"

दोघी नाशकाला आल्या. रक्त तपासलं, माझा आकडा चढलेला. कागद लावणारा कर्मचारी पुटपुटला, "अडाणी लोक." माझं डोकंच फिरलं. अडाणी कोण? सांगितलेला शब्द जिनं तंतोतंत पाळला ती, की बाई नवरात्रात काय खाते हे ज्यांनी विचारलंच नाही ते?

डॉक्टर अपूर्वा मात्र कागदावरून वर बघत म्हणाल्या, "मावशी, पुन्हा असा खंड पडला तर त्या प्रथिनाची खाचच बदलू शकते. मग ही गोळी तिच्यात बसणार नाही."

"आन् चैताला मी वणीच्या गडावर जानार. उपास धरनार. तेव्हा?"

"धरा. पोटभर भगर खा, वर गोळी, वर मोठा पेलाभर पाणी."

"देवीला चालंल?"

"देवी वरून बघते, मी रिपोर्ट बघते. दोघींना चालतंय."

कुसाबाई हसल्या नाहीत. "मग हे आदी का नाय सांगितलं?"

डॉक्टरांनी पेन उचललं आणि 'जेवणानंतर' या शब्दापुढे लिहिलं : 'उपासाला भगरीनंतर'. मनीषानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. कुसाबाईंनी दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

चैत्रात गडावर त्यांनी भगर खाल्ली आणि सगळ्यांदेखत गोळी घेतली. शेजारची बाई म्हणाली, "उपासाला गोळी?" कुसाबाई म्हणाल्या, "तुला नाय ना घ्यायची? मग गप." पुढच्या तपासणीत माझा आकडा पुन्हा उतरला होता.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी रोज गोळी घेत असेल, तर उपासाच्या आदल्या दिवशी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा : उद्या गोळी कशावर घेणार? उत्तर सापडलं नाही तर डॉक्टरांना फोन लावा. लाजू नका. माझी कीवही करू नका. मला बोलायला मिळालं नाही तरी चालेल, कुसाबाई बोलत राहिल्या पाहिजेत.